मारबत : कीडरोगाला दिलेला देह

श्रावण अमावास्येला पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी वर्धा जिल्ह्यातील अनेक खेड्यांत दारापाशी खोचलेले पळसाचे मेढे उचलून शिवेबाहेर टाकले जातात. त्या वेळी मारबतीला उद्देशून दिल्या जाणाऱ्या आरोळीत रोगराई व खोकल्याबरोबर ढेकूण आणि मच्छर यांचीही नावे येतात. याच दिवशी नागपुरात काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. ही प्रतिमा कशी घडली व तिच्यावर कोणते अर्थ चढत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रचलित लेखनात काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातील बांकाबाई, असे सांगितले जाते. इ.स. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसले यांची सत्ता गेली, १८१८ मध्ये अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले आणि इंग्रजांना अनुकूल असलेल्या बांकाबाईंच्या हाती राजवाड्याचा कारभार राहिला. परंतु काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून व पिवळीची १८८५ पासून सांगितली जाते. म्हणजे मधे ६३ वर्षे गेली होती. नागपूरचे राज्यही १८५४ मध्ये खालसा झाले होते. तेव्हा हा तत्कालीन निषेध नसून निषेधाची स्मृती म्हणावी लागते. लोकांच्या मनात राग होताच. प्रश्न एवढाच, की त्या रागाने हेच रूप का घेतले?

प्रस्तुत लेखकाच्या मते पीडा गावाबाहेर घालविण्याचा विधी या रागाला आयता मिळाला. खेड्यातील आरोळीला बांकाबाईंची गरज नाही. तिला पीडा पुरते. पूतनेला गावाबाहेर नेऊन जाळल्याची कथाही याच विधीला जोडली जाते. एकाच देहावर पुराण, राजकारण आणि कीडरोग असे तीन थर बसले आहेत.

यातील कीटकांचा थर अभ्यासकांनी फारसा मनावर घेतलेला नाही. भाद्रपदाच्या तोंडावर डबकी भरलेली असतात, डास माजतात, कपाशीवर मावा-तुडतुडे असतात. मच्छर अगणित आणि हाती न लागणारा. त्याची मिरवणूक काढता येत नाही. म्हणून बांबूच्या कामट्या, कागद, कापड व रंग यांतून कारागीर त्याला एक देह देतात आणि तो देह कीटकाचा नसून अक्राळविक्राळ स्त्रीचा असतो. पीडेला स्त्रीरूपच का द्यावे, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे व तो टाळू नये. मात्र यावरून डासांमुळे हिवताप होतो हे पूर्वजांना ठाऊक होते, असा दावा करण्याचा मोह आवरला पाहिजे. तो संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखविला. लोकांना ठाऊक होता तो त्रास. गंमत अशी, की ज्या पळसाचा मेढा किडीला घेऊन जातो, त्याच पळसावर लाखेचा किडा पोसला जातो आणि त्या लाखेच्या बांगड्या होतात.

नागपूरच्या मिरवणुकीतील बडग्यांनी पुढे ही कला वेगळ्या वाटेने नेली. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी यांचे पुतळे आले आणि ढेकूण-मच्छर आरोळीपुरते उरले.

त्याच दिवशी सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथे तान्हा पोळा भरतो. तेथील लाकडी नंदी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. त्यांचे लाकूड, कोरीव काम, डागडुजी आजही तपासता येते. मारबत मात्र जाळण्यासाठीच घडविली जाते. संग्रहालयात ठेवावे असे तिचे काहीच उरत नाही आणि जे उरत नाही ते आपल्या कलेतिहासात येत नाही. खेड्यातील मेढ्यांचे तर छायाचित्रही क्वचितच कोणी काढते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी या दिवशीच्या आरोळ्या गावनिहाय नोंदवून घेतल्या, तर कोणत्या गावात कोणत्या किड्याचे नाव घेतले जाते आणि कोणते गळाले, हे तरी कळेल. या आरोळ्या पाठ असलेली माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत.