काचेचा कप्पा

कचऱ्याचे वर्गीकरण ही आजची कल्पना नव्हे. १८८३ साली पॅरिसचे प्रशासक यूजेन पूबेल यांनी घरमालकांना तीन पात्रे ठेवण्याचा हुकूम काढला: एक कुजणाऱ्या कचऱ्यासाठी, दुसरे कागद व चिंध्यांसाठी, तिसरे काच, फुटकी भांडी आणि शिंपल्यांसाठी. पोटावर पाय येईल म्हणून चिंध्या वेचणाऱ्यांनी विरोध केला. वर्गीकरण मागे पडले. फ्रेंच भाषेत कचरापेटीला पूबेल हे नाव मात्र कायमचे चिकटले. आपल्याकडे ओला, सुका व घातक अशी विभागणी २०१६च्या नियमांनी बंधनकारक केली.

आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेली पेटी याच वाटेवरची. एक सेन्सर ओलावा ओळखतो, दुसरा धातू. त्यानुसार छोटी मोटर तबकडी फिरवते. उरलेले सारे सुक्यात. प्रथम भिजलेला कागदही ओल्यात जाई. (अजूनही कधी कधी जातो.)

पेटी पाहून शाळेच्या सफाईच्या मावशींनी विचारले, “पोरांनो, काच कुठं जाते?” ती सुक्यातच जात होती, आणि सुका कचरा मावशीच हाताने निवडत. त्यांच्या बोटावरचा व्रण आम्ही कितीदा पाहिला होता! विद्यार्थ्यांनी चौथा कप्पा जोडला. त्याला सेन्सर नाही. काच तिथे आपणच टाकायची.