पोडियमवरचं तळं

आमच्या सोसायटीच्या कमिटीत मला घेतलं ते वयाचा मान राखायला नव्हे. तीस वर्षं महापालिकेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले, एवढंच माझं भांडवल. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, पोडियमवर बिल्डरने स्विमिंग पूल दिला, आणि पूल ताब्यात येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच एक तरुण विक्रेता ऑटोमेशनचं कोटेशन घेऊन हजर. सेक्रेटरींनी ते माझ्या हातात ठेवलं. "काकू, हे तुमच्याच खात्यातलं. वाचा आणि सांगा, घ्यायचं की नाही."

कोटेशन सात पानी होतं. पाण्याच्या पाइपात दोन प्रोब बसवायचे. एक पीएच मोजणार, दुसरा ओआरपी. त्यांच्या आकड्यांवर दोन छोटे पंप चालणार, एक हायपोक्लोराइट सोडणारा, दुसरा अ‍ॅसिड. फिल्टरचा पंप ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद. काही बिघडलं तर सेक्रेटरींच्या मोबाइलवर निरोप. पाण्यापाशी माणूस उभा करायला नको, हे वाक्य तीनदा आलं होतं.

आमचा पूल बारा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटरही खोल नाही. तरी 72,000 लिटर पाणी. माणशी दिवसाला 135 लिटर हा शहरी पाण्याचा सरकारी हिशेब धरला, तर पाचशेहून अधिक माणसांचं एका दिवसाचं पाणी. चाळीत आम्ही पहाटे साडेचारला उठून पिंपं भरायचो, त्या जागेवर. असो. पूल आहे तर आहे. आता तो नीट राखायचा कसा, एवढाच प्रश्न.

पाणी राखणं मी पहिल्यांदा पाहिलं ते लहानपणी. माझा जन्म गिरगावातला, मुगभाटातला. आमच्या वाडीत विहीर होती, पण उघडी नव्हे. तिच्या तोंडावर लोखंडी चौकट, चौकटीत बारीक जाळी, आणि जाळीत हातभर चौकोनी दार. आजी त्या दारातून कळशी सोडायची. लहानपणी मला वाटे, पोरं पडू नयेत म्हणून जाळी. प्रयोगशाळेत लागल्यावर जुने अहवाल वाचनात आले आणि कळलं, जाळी पोरांसाठी नव्हतीच, डासांसाठी होती.

मुंबईत नळ आला 1860 साली, विहार तलावातून. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरची ती योजना. त्याआधी शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगायचं. 1850च्या दशकातल्या टंचाईत होड्यांनी आणि आगगाडीने पाणी आणून विहिरींत ओतायची वेळ आली होती. पुढे 1879मध्ये तुळशी आणि 1892मध्ये तानसा आला आणि तळ्यांची गरज सरली. धोबीतलाव, सीपी टँक, गवालिया टँक ही सगळी तळी बुजली. आता नावं तेवढी बसच्या पाट्यांवर आहेत. विहिरी मात्र राहिल्या, वाड्यावाड्यांतून. वापर कमी झाला, देखरेख सुटली, पण पूजेला, सोवळ्याला, गणपतीच्या दिवसांत त्या लागायच्याच.

1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. शहरातला हिवताप पसरवणारा अ‍ॅनाफिलिस डास गटारात नव्हे, स्वच्छ पाण्यात, म्हणजे मुख्यतः घरगुती विहिरींत वाढतो, असा त्याचा निष्कर्ष. मग विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, अशा नोटिसा निघाल्या. शहरात गहजब झाला. पारशांना विहिरीच्या पाण्याला ऊन लागायला हवं होतं, हिंदूंना धार्मिक कार्याला विहिरीचंच पाणी हवं होतं. आणि पुष्कळांना भीती होती ती निराळीच, की विहिरीतला राखणदार कोपेल. त्या वेळचे महापालिकेचे चिटणीस रुस्तम मसानी यांच्यापुढे ही गाऱ्हाणी येत. ती ऐकता ऐकता त्यांना त्या विषयाची इतकी गोडी लागली की 1918 साली त्यांनी विहिरींच्या लोककथांवर अख्खं इंग्रजी पुस्तक लिहून काढलं. महापालिकेच्या कारकुनीतून झालेलं इतकं देखणं काम माझ्या तरी माहितीत दुसरं नाही. शेवटी तडजोड निघाली ती बारीक जाळीची आणि दाराची.

इथे मी बेंटलीच्या बाजूची आहे. विहिरीच्या राखणदाराबद्दल हळवं होणं सोपं असतं, पण तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ते विचारून पाहा. तरी एक गोष्ट आजीच्या विहिरीने मला दाखवली. शेजारच्या वाडीने विहिरीवर लादी टाकून ती कायमची बंद केली होती. तिच्यात काय चाललंय हे कुणी पाहायचं नाही. एकदा लादीला तडा गेला, आणि त्या फटीतून डास ये-जा करताहेत हे कळायला पूर्ण पावसाळा गेला. आमच्या जाळीतल्या दारातून रोज कुणीतरी आत डोकवायचंच. कीटकनाशक खात्याचा माणूस महिन्याला यायचा, गप्पी मासे आहेत ना पाहायचा, नसले तर सोडायचा. आजी त्याला चहा द्यायची, म्हणायची, "हा आमचा नवा राखणदार."

लग्न होऊन लालबागला आले तेव्हा आपोआप चालणाऱ्या यंत्राशी पहिली गाठ पडली. बॉल कॉक! चाळीच्या गच्चीवरच्या टाकीत तांब्याचा पोकळ गोळा तरंगायचा. पाणी चढलं की गोळा वर आणि नळ बंद. वीज नको, माणूस नको. तो अडकला की जिन्यावरून धबधबा, आणि मग सगळी चाळ मध्यरात्री जागी. पण त्या टाकीत पाणी यायचं ते गल्लीत चावीवाला आला तरच. मुंबईचं पाणी चोवीस तास वाहत नाही, ते विभागून, ठरल्या तासांना सोडतात. रस्त्यातलं झाकण उचलून, माणसाएवढी लांब लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवून चावीवाला ती फिरवतो. किती फेरे द्यायचे हे त्याच्या हाताला ठाऊक. कुठला व्हॉल्व्ह जड जातो, कुठल्या चढावरच्या चाळीला दोन फेरे जास्त लागतात, हे नकाशावर नसतं.

माझे सासरे गिरणीत होते, त्यांचे वडीलही विणकर. आजेसासऱ्यांच्या बोलण्यात 1928चा संप हटकून यायचा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. दोनऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळायचे, ही मालकांची नवी पद्धत हे त्या संपाचं एक मोठं कारण. "माग काय, चालतो आपला आपण," असं आजेसासरे म्हणायचे म्हणे, "पण तुटलेला धागा त्याला दिसत नाही." तिसऱ्या मागावर धागा तुटला तेव्हा विणकर पहिल्यावर वाकलेला असायचा, आणि खराब कापडाचा दंड त्याच्याच पगारातून कापला जायचा.

कोटेशनचं पाचवं पान वाचताना मला तेच आठवलं. ओआरपी प्रोब क्लोरीन मोजत नाही. पाण्याची जंतू जाळण्याची ताकद मिलिव्होल्टमध्ये सांगतो, आणि त्यावरून क्लोरीनचा अंदाज बांधायचा. आमच्या पुलात सध्या टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या, गोळ्या टाकतात. त्या गोळ्यांबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात साठत जातं, कारण ते क्लोरीनसारखं उन्हाने उडत नाही. ते साठलं की क्लोरीन पुरेसं असूनही ओआरपीचा आकडा खाली येतो, आणि यंत्राला वाटतं अजून हवं. ते ओतत बसतं. विक्रेत्याला विचारलं, गोळ्या आणि प्रोब एकत्र कसे चालणार? तो म्हणाला, "मॅडम, ते सेटिंगमध्ये होतं." कुठली सेटिंग, ते त्याला सांगता आलं नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. हायपोक्लोराइट आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. फिल्टरचा पंप बंद पडला आणि औषध सोडणारे पंप चालूच राहिले, तर पाइपात दोन्ही साचतात, आणि पंप पुन्हा सुरू झाला की तो वायू थेट पुलात, पोहणाऱ्यांच्या तोंडाशी. परदेशात अशा दुर्घटना झालेल्या आहेत. त्यावर उपाय आहे, फ्लो स्विच: पाणी वाहत नसेल तर औषध बंद. कोटेशनमध्ये तो 'पर्यायी' म्हणून सहाव्या पानावर, बारीक अक्षरांत.

प्रयोगशाळेत आम्ही नमुना कुठून घेतला यावर भांडायचो. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी चोख निघतं. ते नळापर्यंत चोख राहिलं का, हा खरा प्रश्न. म्हणून नमुना घ्यायचा तो गल्लीच्या टोकाच्या नळाचा, जिथे क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरलेलं हवं. पुलाचा प्रोब पंपाच्या खोलीत बसणार, फिल्टरशेजारी. पोरं खेळणार ती पायऱ्यांच्या कोपऱ्यात, जिथे पाणी नीट फिरत नाही. तिथे प्रोब नाही.

आणि हे हसण्यावारी न्या: 3 ऑक्टोबर 2023ला दादरच्या महापालिकेच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावात मगरीचं पिल्लू निघालं. सभासदांना आत सोडण्याआधी तलाव पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला ते दिसलं म्हणून बरं. त्या सकाळी पीएच बहुधा उत्तम असणार.

तरी यंत्राला मी सरसकट नाही म्हटलं नाही. सभेत दोन तट होते. तरुणांना सगळं मोबाइलवर हवं होतं, आणि आमच्या वयाच्या काही जणांना पूलच नको होता. मी माझं मत कागदावर लिहून दिलं. फिल्टरचा टायमर घ्या, कारण रात्री अडीचला उठून पंप कुणी बंद करत नाही. औषध आपोआप सोडणारं यंत्र यंदा नको. घ्याल तेव्हा फ्लो स्विचशिवाय घेऊ नका, आणि त्याआधी गोळ्या बंद करा, नाहीतर दोन्हींचे पैसे पाण्यात. वाचलेल्या रकमेतून हाऊसकीपिंगच्या ज्या मुलाला पूल दिलाय त्याचा पगार वाढवा, आणि त्याला ते एकच काम द्या. सध्या तो पूल, पार्किंग आणि दोन लिफ्ट सांभाळतो. तीन माग.

मतदान झालं, सात विरुद्ध पाच. पगारवाढ मी मागितली त्याच्या निम्मीच मिळाली, पण पार्किंग आणि लिफ्ट दुसऱ्याकडे गेली.

त्या मुलाला मी क्लोरीन तपासायच्या डीपीडीच्या गोळ्या आणून दिल्या. पाण्यात टाकल्या की गुलाबी रंग येतो, तो कार्डावरच्या रंगाशी ताडायचा. पीएचसाठी लाल रंगाचं दुसरं कार्ड. दिवसातून दोनदा, पायऱ्यांच्या कोपऱ्यातून, कोपरभर खोल हात घालून नमुना. माझ्या जुन्या सवयीने त्याला वही आखून दिली: तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, आणि शेवटचा रकाना, खोल टोकाच्या तळाची जाळी काठावरून दिसते का. तिथे फक्त हो किंवा नाही.

परवा रात्री पाऊस झाला. सकाळी त्याने क्लोरीन लिहिलं, पीएच लिहिला, दोन्ही ठीक होते. शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि फाटकाला कुलूप घातलं. अध्यक्षांचा नातू टॉवेल खांद्यावर टाकून अर्धा तास बाहेर उभा होता.