वाद्यवृंदाला पडलेली रागाची मोहिनी

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर ज्योतिर्लिंगामुळे सर्वश्रुत आहे. संत निवृत्तिनाथांची समाधी तेथेच आहे, आणि ३० एप्रिल १८७० रोजी दादासाहेब फाळके यांचा जन्मही तेथेच झाला. ख्रिस्तजीवनावरील मूकपट मुंबईत पाहताना, आपल्या देवदेवतांची चरित्रेही अशीच पडद्यावर यावीत, हा ध्यास फाळक्यांनी घेतला. त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. हा इतिहास आपण आदराने सांगतो. परंतु मूकपटांच्या त्या काळात चित्रपटगृहांत पडद्यापुढे बसून वाद्ये वाजविणाऱ्यांचाही एक इतिहास आहे. मुंबईतील या वादकांत गोमंतकीय ख्रिस्ती बांधव पुष्कळ होते.

याचे कारण गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत सापडते. पोर्तुगीज अमदानीत या शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीचे वाचन, गायन आणि व्हायोलिनवादन शिकविले जाई. हेतू एवढाच, की रविवारच्या उपासनेला गायकवृंद सिद्ध असावा. पण त्या विद्येने अनेक गरीब घरांना पोटाचा आधार दिला. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू-गाऊ लागला आणि कागदावरचे स्वर पाहताक्षणी वाजवू शकणाऱ्या वादकांची निकड वाढली. संगीतकार चाल बांधी. ती अनेक वाद्यांसाठी लिहून काढण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक करीत. श्रेयनामावलीत वादकांची नावे सहसा नसत.

या मंडळींपैकी अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे ते जन्मले. वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. १९४३ साली अँथनी मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्यापाशी शिकले.

वादक आपल्याला भावलेल्या संगीताविषयी थोडेच बोलतात. त्यांची आवड हातांतून कळते. चर्चच्या संगीतावर पोसलेल्या या व्हायोलिनवादकाला हिंदुस्थानी रागांची ओढ लागली. सारंग आणि तोडी या रागांत त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना केल्या. हे काम सोपे नव्हते. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी उमटतात. षड्ज, गांधार आणि पंचम हे तर त्याचे नित्याचे त्रिकूट. वृंदावनी सारंगात नेमका गांधारच वर्ज्य! तोडीचा कोमल गांधार आंदोलन घेतो, तो कागदावरच्या एका ठिपक्यात कसा बसावा? रागाचा धर्म सांभाळायचा आणि वाद्यवृंदाचे वैभवही राखायचे, अशी ही दुहेरी कसोटी होती. नुसत्या हौसेने ती पार पडत नाही. त्यासाठी दोन्ही संगीतांवर सारखेच प्रेम लागते.

१९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात गोन्साल्विस यांनी आपला भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. शंभरावर कलावंत, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. एरवी पडद्याआड राहणारे वादक त्या दिवशी श्रोत्यांच्या समोर बसले होते. तो वाद्यवृंद पुढे टिकला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले. परतल्यावर चित्रसृष्टीपासून दूर, माजोर्ड्यास राहिले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यातून त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. ती शिष्य प्यारेलाल यांची गुरुवंदना होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होते. २०१२ साली ते निवर्तले.

आपल्या मुलांनी आपले तेच ऐकावे, परके ऐकले तर ती दुरावतील, अशी भीती काही पालक आमच्यापाशी बोलून दाखवितात. गोन्साल्विस यांचे जीवन वेगळेच सांगते. लहानपणी ज्याचा कान नीट घडला, त्याला दुसऱ्याच्या संगीतातील सौंदर्यही ओळखता येते आणि त्यापायी स्वतःचे टाकावे लागत नाही. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात, तेव्हा टाळ धरलेले मूल थोरांच्या रांगेत उभे राहूनच ताल शिकते. गोव्यातील मुलेही अशीच, वृंदात बसून शिकली. आज अनेक धर्मग्रामांत कळ दाबताच तयार ताल वाजतो आणि व्हायोलिनच्या वर्गाला शिक्षक मिळत नाही. उपासना त्याने अडत नाही, हे खरे. पण असा कान घडविणारी शाळा मात्र आपण हळूहळू मिटवीत आहोत.