घडी, गाठ आणि पदर

इंग्रजी समानार्थी शब्दांची यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला 'कॉम्प्लेक्स', 'कॉम्प्लिकेटेड', 'इंट्रिकेट' आणि 'नॉटी' हे शब्द एकाच ओळीत भेटतात, आणि त्यांच्यासमोर मराठीत बहुधा एकच शब्द असतो : गुंतागुंतीचा. (शेवटच्या शब्दाचा उच्चार 'खोडकर' या अर्थाच्या दुसऱ्या शब्दासारखाच असल्याने वर्गात हशा पिकतो, ती गोष्ट वेगळी.) मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. तेव्हापासून एका भाषेतील शब्दापुढे दुसऱ्या भाषेतील शब्द मांडण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि शब्दांमधले अंतर या सवयीतच बुजून जाते.

हे अंतर धातूंपाशी गेल्यावर दिसू लागते. 'कॉम्प्लिकेटेड'च्या मुळाशी घडी घालण्याची लॅटिन क्रिया आहे. 'कॉम्प्लेक्स'च्या मुळाशी कवेत घेण्याची, सामावून घेण्याची क्रिया असून विणण्या-गुंफण्याची छटाही तिच्याशी जोडली गेली आहे. 'इंट्रिकेट'मध्ये क्षुल्लक अडचणींत, पेचांत अडकवण्याचा अर्थ दडला आहे. 'नॉटी' म्हणजे सरळ गाठीचा. आणि या सर्वांच्या विरुद्ध मानला जाणारा 'सिम्पल' हा शब्द मुळात 'एका घडीचा', म्हणजे आपल्या भाषेत एकपदरी. मराठीने 'पदर' हा शब्द याच कामासाठी राखून ठेवला आहे. एखाद्या प्रश्नाला अनेक पदर आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा लॅटिनची ती घडीच जणू लुगड्यात येते.

मात्र खरा भेद व्याकरणात आहे. 'कॉम्प्लिकेटेड' हे कर्मणि धातुसाधित आहे. कोणीतरी घडी घातली, मग वस्तू घडीची झाली. परंतु घडी घालणारा हात वाक्यात दिसत नाही. 'कॉम्प्लेक्स'ला आजच्या इंग्रजीत असा हातच नाही. वस्तू मुळातच तशी आहे, एवढेच तो सांगतो. मराठीने हा भेद विशेषणावर न सोपवता क्रियापदावर सोपवला आहे. 'गुंता झाला' आणि 'गुंता करून ठेवला' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे कोणत्याही घरातले मूल सांगेल. जटांवरून आलेला 'जटिल' वस्तूविषयी बोलतो. कष्ट देणे या अर्थाच्या धातूवरून आलेला 'क्लिष्ट' वाचणाऱ्याच्या हालांविषयी. 'दुर्बोध' तर संपूर्णपणे समजून घेणाऱ्याच्या बाजूचा. या तिघांपैकी एकही गुंता करणाऱ्याकडे बोट दाखवत नाही. ते काम 'करणे' या साध्या क्रियापदाला करावे लागते.

या शब्दांची परीक्षा पाहण्यास आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके फार उपयोगी पडतात, कारण या टापूविषयी इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा मुंबई प्रांतातील आदिवासींवरचा अहवाल १९३९ सालचा, के. जे. सावे यांचे 'द वारलीज' १९४५ सालचे, यशोधरा दालमिया यांचे वारली चित्रांवरील पुस्तक १९८८ सालचे. तलासरी तेव्हा उंबरगावच्या हद्दीत होते. १९६० मध्ये उंबरगावचा बराच भाग गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात उरले.

सिमिंग्टनने नोंदवलेल्या पद्धतींपैकी एक लग्नगड्याची. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून रक्कम घेई आणि ती फेडण्यासाठी वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबे. बायकोलाही राबावे लागे. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येणारा फक्त सावकार. लग्नगाठ बांधताना अशी दुसरी एक गाठ बांधली जाई, आणि ती सुटण्याची सोय नसे. या व्यवस्थेला 'कॉम्प्लेक्स सामाजिक समस्या' म्हणता येईल काय? इंग्रजी म्हणून वाक्य निर्दोष आहे. पण त्या वाक्यात सावकार उरत नाही. गरिबी, रूढी, निरक्षरता असे घटक एकमेकांत गुंफले गेले आणि कोणी काही न करता माणूस वेठीला लागला, असे चित्र तयार होते. 'कॉम्प्लिकेटेड' म्हटले तर निदान विचारता येते की ही घडी घातली कोणी?

२३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वारल्यांनी या व्यवस्थेला जे उत्तर दिले, ते सगळे एकपदरी वाक्यांत होते : रोज १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम करायचे नाही, वेठ करायची नाही, मारहाण झाली तर प्रतिकार करायचा, एकजूट ठेवायची. या लढ्याची हकिगत सांगणाऱ्या गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकाचे नावही तसेच सोपे आहे, 'जेव्हा माणूस जागा होतो'. पुस्तक १९७० साली आले. १९७५ च्या इंग्रजी आवृत्तीचे शीर्षक झाले 'आदिवासीज रिव्होल्ट', आणि तिथे जागे होणे जाऊन बंड आले. मला मराठी नाव अधिक अचूक वाटते, कारण बंडाला तारीख असते. जागे होण्याचे तसे नसते.

चित्रांच्या बाबतीत चूक नेमकी उलट दिशेने होते. प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत वारली चित्राला 'सिम्पल' म्हणण्याचा प्रघात आहे. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, की झाला माणूस. साधने मोजकी आहेत हे खरे. पण लग्नचौकापुढे उभे राहावे. सवाशिणी हा चौक काढतात. चौकटीच्या आत चौकट, तिच्यात बारीक नक्षीच्या ओळी, आणि मधोमध पालघट देवी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणते आणि चौकावाचून लग्न लागत नाही. नक्षी पाहणाऱ्या डोळ्यासाठी शब्द हवा 'इंट्रिकेट'. देवी, पीक, गाणे आणि नवरा-नवरी एका चौकटीत सामावले जाणे, यासाठी मात्र 'कॉम्प्लेक्स' हाच शब्द त्याच्या मूळ अर्थाने योग्य : कवेत घेणारा. इथे कोणाचा छुपा हात नाही. 'कॉम्प्लिकेटेड' म्हटले तर चौकाचा अपमान होईल. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकापासून ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत तर रेषांची संख्याच पाहणाऱ्याला 'सिम्पल' हा शब्द मागे घ्यायला लावते.

म्हणजे इंग्रजी शब्द या प्रदेशात वारंवार उलटे बसवले गेले : जे माणसांनी गुंतवले ते निसर्गतः गुंतलेले ठरले, आणि जे कौशल्याने गुंफले ते भाबडे. मराठी लेखनही यातून सुटलेले नाही. आपण 'क्लिष्ट प्रश्न' असे लिहितो आणि पुढे जातो.

वनजमिनीचेच पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे आदिवासी दावेदाराला दाखवावे लागते. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. शेत तेच, कसणारा तोच. पदर फक्त कागदांना आहेत. नियमांनी गावातील वडीलधाऱ्या माणसाचे सांगणेही पुरावा म्हणून मान्य केले आहे, मात्र ते लेखी उतरवून घ्यावे लागते.