कार्बुरेटरची कुळकथा

पेट्रोल जळतें ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु नुसत्या पेट्रोलवर इंजिन चालत नाहीं. पेट्रोल व हवा हीं ठराविक प्रमाणांत एकत्र यावीं लागतात, तेव्हांच ठिणगी पडतांच मिश्रणाचा भडका होऊन दट्ट्या ढकलला जातो. हें प्रमाण वजनानें मोजलें तर एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा असें येतें. पेट्रोल फार झालें तर काळा धूर निघतो व स्पार्क प्लग काजळीनें भरतो. कमी पडलें तर इंजिन तापतें, अडखळतें आणि बंद पडतें. हा मेळ घालून देणारें जें यंत्र सुमारें शंभर वर्षें मोटारींत व मोटारसायकलींत नांदलें, तें कार्बुरेटर होय.

नव्या गाड्यांतून तो गेला आहे. जुन्या गाड्या जिवापाड जतन करणाऱ्यांच्या घरीं मात्र तो अजून आहे. पण तेथें एक विलक्षण प्रकार आढळतो : कित्येक कार्बुरेटर झिजेनें जात नाहींत, ते साफसफाईनेंच कामांतून जातात. असें कां व्हावें? कारण कार्बुरेटरचा प्रत्येक भाग म्हणजे कोणा तरी कल्पक माणसानें एखाद्या अडचणीला दिलेलें उत्तर आहे. ज्याला अडचणच ठाऊक नाहीं, त्याच्या हातून तें उत्तर नकळत पुसलें जातें. म्हणून या यंत्राला हात लावण्यापूर्वीं त्याची कुळकथा जाणून घेणें अवश्य आहे.

जर्मनींतील कार्ल बेन्झ यांनीं १८८६ सालीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तींत फवारा नव्हता. हलकें, चटकन उडून जाणारें तेल एका भांड्यांत असे. इंजिनानें ओढलेली हवा तेलाच्या पृष्ठभागावरून जाई आणि जातां जातां वाफ घेऊन जाई. वारा सुटला म्हणजे ओलें अंगण वाळतें, तोच हा न्याय. इंग्लंडांत लँचेस्टरनें याच कामासाठीं वाती वापरल्या. समईची वात तेल वर ओढते, तशा त्या वाती पेट्रोल वर ओढीत व त्यांवरून हवा वाहे. या पद्धतीचा दोष असा कीं, तेलांतील हलका अंश आधीं उडून जाई व जड अंश तळाशीं राही. प्रवासाच्या आरंभीं जें मिश्रण मिळे, तें शेवटीं मिळत नसे.

१८८८ च्या ऑगस्टमध्यें बेन्झ यांच्या पत्नी बर्था यांनीं आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून प्फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे सुमारें १०० किलोमीटर, ही गाडी नेली. वाटेंत वीसलोख गांवीं औषधांच्या दुकानांतून त्यांनीं तेल घेतलें. तेलाची नळी तुंबली तेव्हां त्यांनीं टोपीच्या टांचणीनें ती मोकळी केली, असें सांगतात. मोटारीच्या इतिहासांतील ही पहिली प्रसिद्ध साफसफाई. त्या नळीला टांचणी चालली, कारण तींतून तेल केवळ वाहून न्यावयाचें होतें. तिच्या व्यासावर मिश्रणाचें प्रमाण अवलंबून नव्हतें. पुढील पांच वर्षांत ही स्थिति पालटली, आणि तेव्हांपासून टांचणी ही कार्बुरेटरची वैरीण झाली.

हा पालट घडविला फवाऱ्यानें. वाहतें द्रव्य अरुंद वाटेंत वेगानें जाऊं लागलें कीं तेथें त्याचा दाब कमी होतो, हें तत्त्व बेर्नुली यांच्या १७३८ च्या ग्रंथानें प्रसिद्धीस आलें. अरुंद गळ्याच्या नळीचे प्रयोग इटलीच्या वेंतुरी यांनीं १७९७ त प्रसिद्ध केले. १८९३ सालीं हंगेरींत दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं, आणि त्याच वर्षीं जर्मनींत विल्हेल्म मायबाख यांनीं, या तत्त्वाचा उपयोग इंजिनासाठीं केला. हवेच्या वाटेला मध्यें गळा ठेवावयाचा व त्या गळ्यांत पेट्रोलच्या बारीक नळीचें तोंड आणावयाचें. तेथें दाब उतरला कीं पेट्रोल आपोआप वर येतें व हवेंत त्याचे तुषार होतात. मात्र पेट्रोलची पातळी नळीच्या तोंडाच्या किंचित् खालीं आणि सदैव एकच असली पाहिजे. त्यासाठीं शेजारीं एक लहान डबी आली. तींत पोकळ तरंडा, म्हणजेच फ्लोट, तरंगतो. पेट्रोल भरलें कीं तो वर जाऊन सुईनें वाट बंद करतो, उतरलें कीं पुन्हां उघडतो.

याच सुमारास स्वीडनमध्यें प्रायमस स्टोव्ह जन्मास आला व पुढें तो महाराष्ट्रांतील घरोघरीं पोंचला. त्याच्या निपलांत कचरा अडकला कीं पिन घालावयाची, हें गृहिणींच्या हातवळणाचें होतें. ती पिन त्या छिद्राच्या मापानेंच केलेली असे. पण हीच संवय घेऊन माणूस कार्बुरेटरकडे वळला, म्हणजे अनर्थ होतो. पितळेच्या जेटमध्यें हातास येईल ती पोलादी तार घुसविली कीं छिद्र मोठें होतें. एक मिलिमीटर व्यासाचें छिद्र १.०५ मिलिमीटर झालें तर डोळ्यांना फरक दिसत नाहीं. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें वाट १० टक्क्यांहून अधिक रुंदावते. जेटवरील आंकडा हा शोभेचा नसतो. सोलेक्सच्या जेटवर छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत दिलेला असतो, तर अमलच्या जेटचा क्रमांक मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन जाईल यावरून ठरलेला असतो. तार घालणारा तो आंकडा खोटा पाडतो.

एकाच छिद्रानें सर्व काम भागलें असतें, तर कुळकथा येथेंच संपली असती. परंतु इंजिनाचा वेग वाढला कीं साध्या जेटमधून पेट्रोल प्रमाणाबाहेर येऊं लागतें, असें लौकरच दिसून आलें. हवा व पेट्रोल यांची वाढ एका मापानें होत नाहीं. प्रथम हें ओझें चालविणाऱ्यावरच पडलें. जुन्या मोटारसायकलींच्या मुठीजवळ हवेचा एक व वेगाचा एक असे दोन वेगळे दांडे असत. १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटीवर निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींतही मिश्रण कमीजास्त करण्याची कळ चालकाच्या हाताशीं असे.

मग माणसाच्या हातचें काम यंत्राकडे देण्याची खटपट सुरू झाली. फ्रान्समध्यें पानार कारखान्याच्या क्रेब्स यांनीं १९०२ त जादा हवा आपोआप घेणारी झडप बसविली. ल्यों येथील फ्रांस्वा बावरे यांनीं मुख्य जेटच्या जोडीला दुसरा पूरक जेट दिला. एकाची चूक दुसरा भरून काढतो. हीच ‘झेनिथ’ कार्बुरेटरची कल्पना. इंग्लंडांतील स्किनर बंधूंनीं निराळीच वाट धरली. त्यांनीं गळाच लहानमोठा होईल असें केलें. हवेच्या ओढीनें एक दट्ट्या वर उचलला जातो, आणि त्याला जडलेली निमुळती सुई जेटमधून त्याच मानानें बाहेर येऊन पेट्रोलची वाट रुंद करते. हे बंधु जोड्यांच्या व्यापाऱ्यांच्या घराण्यांतले. त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरांत दट्ट्याच्या जागीं चामड्याचा भाता होता! हाच पुढें ‘एस. यू.’ या नांवानें विख्यात झाला. इंग्लंडांतील तीन कारखाने एकत्र होऊन १९२७ सालीं ‘अमल’ झाली, आणि ब्रिटिश मोटारसायकली बहुशः तिच्याच कार्बुरेटरवर धांवूं लागल्या.

एका लहानशा छिद्राचें मोल किती, हें दुसऱ्या महायुद्धांत दिसून आलें. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत लढणाऱ्या स्पिटफायर व हरिकेन विमानांचीं मर्लिन इंजिनें एस. यू. कार्बुरेटरवर चालत. शत्रूमागें विमानाचें नाक एकदम खालीं घातलें कीं डबींतील पेट्रोल उसळून वर जाई, इंजिन क्षणभर उपाशी राही. लगेच पंपानें लोटलेल्या पेट्रोलचा पूर येऊन तें गुदमरे. जर्मन इंजिनांत पेट्रोल पिचकारीनें जात असल्यामुळें त्यांना ही बाधा नव्हती. तेवढ्या क्षणांत शत्रु निसटे, किंवा पाठीशीं असलेला शत्रु गांठी. फार्नबरोच्या संशोधन संस्थेंतील इंजिनियर बीट्रिस शिलिंग यांनीं एक लहान धातूची चकती योजली. तिचें छिद्र इतक्याच मापाचें कीं, इंजिनाला पूर्ण शक्तीच्या वेळीं जेवढें पेट्रोल लागेल तेवढेंच जावें, अधिक नाहीं. त्यामुळें पूर येणें थांबलें. १९४१ च्या आरंभीं या चकत्या विमानांना बसविण्यांत आल्या. पुढें कार्बुरेटरच निराळा आला. पण तोंवर वैमानिकांचे प्राण त्या छिद्रानें राखले. या बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यती खेळत व ब्रुकलँड्सच्या धांवपट्टीवर त्यांनीं ताशीं १०० मैलांहून अधिक वेग गांठला होता. जेट व डबी यांचें मर्म त्यांना कागदावरून तसेंच हातानेंही अवगत होतें.

हा इतिहास ध्यानांत ठेवला म्हणजे साफसफाईचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप सुचतात. पहिला नियम स्मरणाचा : मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो हलक्या हातानें पूर्ण आंत घेऊन किती फेरे बसले हें टिपून ठेवावें, व सुटे भाग ताटांत क्रमानें मांडावेत. दुसरा नियम सौम्यपणाचा : धातूचे भाग द्रावणांत भिजवावेत, रबराचे व चामड्याचे बाजूस ठेवावेत, छिद्रांतून दाबाची हवा सोडावी, फार झालें तर नायलॉनचा मऊ केस वापरावा, तार कदापि नाहीं. तिसरा नियम तरंड्याचा : पितळी तरंडा कानाशीं हालवावा, आंत पेट्रोल खळखळलें तर त्यास भोंक आहे. गरम पाण्यांत बुडविलें कीं बुडबुडे ती जागा दाखवितात. पण आंतील पेट्रोल व वाफ पूर्णपणें निघून गेल्यावांचून डाग देऊं नये. अन्यथा स्फोट होतो. डाग देतांना धातु फार लावली तर तरंडा जड होतो व पातळी चढते. म्हणजे पुन्हां मिश्रण चुकलेंच. सुईच्या टोकावर गोल खांच पडली असेल तर ती घासूं नये, सुई व तिची बैठक दोन्ही बदलावींत.

एस. यू. मध्यें दट्ट्या व त्याचें टोपण हीं एकमेकांच्या मापानें बसविलेलीं असतात. दोन कार्बुरेटरांचीं टोपणें अदलाबदल झालीं कीं दोन्ही बिघडतात. त्यांवर पॉलिश कागद फिरविणें म्हणजे मापच घासून टाकणें. जेट मधोमध बसला आहे कीं नाहीं याची खूण फार सोपी आहे : दट्ट्या उचलून सोडावा, तो ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करून बैठकीवर उतरला पाहिजे. अमलची तऱ्हा निराळी. तिचे नटबोल्ट ताकदीनें आवळले कीं पृष्ठभाग वांकतो व फटींतून फुकटची हवा शिरते. कांचेवर टेकवून पाहिलें कीं हा बांक उघड दिसतो. थ्रॉटलचा दांडा झिजला असला तरी हीच चोरवाट तयार होते, आणि मग जेट कितीही निर्मळ असला तरी इंजिन शांत चालत नाहीं.

कांहीं दोषांवर मात्र कारागिराचा इलाज चालत नाहीं. जुन्या काळच्या जस्ताच्या ओतींत शिशाचा अल्प अंश राहिला तर कालांतरानें त्या ओतीला भेगा पडून ती भुगा होते. १९२९ च्या सुमारास अत्यंत शुद्ध जस्ताची मिश्रधातु अमेरिकेंत निघाली, तेव्हां ही कीड आटोक्यांत आली. दुसरें संकट इंधनाचें. भारतांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें, जुनें रबर फुगवितें, आणि बुचाच्या तरंड्यांवर जो लाखेचा लेप असे, तो विरघळवितें. म्हणून जुन्या गाडीला इथेनॉल सोसणारे पडदे व नळ्या घालणें, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवावयाची असल्यास डबी रिकामी करणें, हें आतां स्वच्छतेइतकेंच महत्त्वाचें झालें आहे.

कार्बुरेटरचा अस्त त्याच्या अपराधानें झाला नाहीं. धुराचे नियम कडक झाले व त्यांना लागणारी अचूकता त्याच्या छिद्रांना साधेना. १९६७ सालीं बॉशची विद्युत्-नियंत्रित पिचकारी फोक्सवॅगनच्या गाडींत आली. १ एप्रिल २०२० पासून भारतांत नवे नियम लागू झाले, तेव्हां नव्या दुचाकींतही बहुतेक ठिकाणीं पिचकारीच आली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीनें निरोप घेतला. तिच्या बॉनेटखालीं वांकून कार्बुरेटरचा कचरा काढणारे हात त्या शहरांत शेंकडों होते. गाडी संग्रहांत ठेवतां येते. ते हात ठेवतां येत नाहींत.

यासाठींच जुनी गाडी राखणाऱ्यावर दुहेरी कर्तव्य येतें. एक, यंत्र चालतें ठेवणें. दुसरें, तें कां चालतें हें पुढील पिढीस सांगून ठेवणें. घरांतल्या मुलाच्या हातीं जुना जेट देऊन त्यावरील आंकड्याचा अर्थ समजावून दिला, तर तो मुलगा त्यांत तार घालणार नाहीं. झिजलेला जेट नवा करतां येतो, पितळ अजून मिळतें. परंतु छिद्र एवढेंच कां, याचें कारण एकदां विस्मृतींत गेलें कीं तें कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.