पन्हाळ्याच्या कोठीपासून परड्यातल्या खोलीपर्यंत



सुगी झाली की माल ठेवायचा कुठं, हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. जागा नसली की खळ्यावरचा माल थेट बाजारात जातो, आणि सगळ्यांचाच माल एकदम आला की भाव पडतो. म्हणून परड्यात साठवणीची एक खोली असावी. ती जुन्या घराच्या मोडीच्या सामानातूनही होते. मात्र ती कशी बांधायची हे समजायला आपल्या मुलखातली साठवण कशी बदलत गेली ते आधी बघू.

पन्हाळगडावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिथल्या कोठ्यांची नावं. सर्वांत मोठ्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असं सांगतात. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांच्या आसपास पडून होता. अशा वेळी गडाला कोठीतल्या धान्याचाच आधार. जाड दगडी भिंती, वर कमानीचं छत, धान्य ओतायला छताला भोकं. ओल, उंदीर आणि चोर, तिघांनाही वाट बंद.

रयतेकडे एवढा दगड कुठला? तिनं जमीनच वापरली. उंचावरच्या घट्ट जमिनीत पेव खणायचं, आतून लिंपून वाळवायचं, तळाला आणि कडेला काड घालायचं, धान्य भरून तोंड मातीनं बंद करायचं. आत कोंडलेली हवा धान्य आणि किडे मिळून संपवतात, मग किडे गुदमरून मरतात. म्हणूनच उघडल्या उघडल्या पेवात माणूस उतरला तर त्याच्याही जिवाला धोका. पेव उघडून बराच वेळ वारं लागू द्यायचं, ही जुन्या माणसांची शिस्त होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं नावाजलेली. पण २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीच पेवं निकामी झाली. पेवाचा सगळा भरवसा कोरड्या जमिनीवर. तीच भिजली की पेव गेलं.

घरात कणगी आणि बळद असे. कणगी बांबूच्या कामट्यांची, शेणामातीनं लिंपलेली. बळद भिंतीलगत बांधलेलं. बांबू बांधावरचा, माती गावच्या पांढरीची, तुळया आणि वासे बहुतेक वेळा आधीच्या घराचे. घर उतरवलं की त्याचं लाकूड पुढच्या घराला जायचं. मोडीचं सामान वापरण्यात तेव्हा कुणाला कमीपणा वाटत नसे.

मग कौलं बदलली. १८६५ साली बासेल मिशननं मंगळूरला यंत्रावर कौलं पाडायचा कारखाना काढला. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि जड माल लांबून आणणं सोपं झालं. पुढं नळीच्या कौलांच्या जागी मंगळूरी कौलं आली. आता त्यांच्याही जागी स्लॅब आला, आणि उतरवलेल्या कौलांचे ढीग परड्यात पडून राहिले.

१९६० नंतरच्या दशकात देशात धान्याचा तुटवडा होता. तेव्हा डॉ. पानसे यांच्या समितीनं नुसत्या साठवणीतली नासाडी शेकडा साडेसहाच्या आसपास धरली. म्हणजे शंभर पोत्यांतली सहा-सात पोती उंदीर, किडे आणि ओल यांची! त्याच काळात केंद्र सरकारची धान्य बचाव मोहीम निघाली आणि पत्र्याच्या कोठ्यांचा प्रचार झाला. दिल्लीच्या संस्थेची पुसा कोठी तर कच्च्या विटांची. दोन भिंतींच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे ओल आत येत नाही. सामान साधं, पण युक्ती तीच.

या सगळ्यातून तीन गोष्टी दिसतात : जागा उंच पाहिजे, कोरडी पाहिजे, बंद पाहिजे. या तिन्ही सांभाळल्या तर सामान जुनं असलं म्हणून बिघडत नाही. आणि एक जरी चुकली तर नवं कोरं सामानही वाया जातं.

आता खोलीचं बघू. दहा बाय बारा फुटांची दुपाखी खोली धरा. जोतं अडीच फूट उंच घ्या. पडक्या भिंतीचा दगड इथं कामी येतो. पैसे कुठं वाचवायचे असतील तर भिंतीत वाचवा, जोत्यात नको. फरशीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद घाला. रुंदी दहा फूट असेल तर आढं भिंतीच्या डोक्यापेक्षा अडीच ते तीन फूट वर पाहिजे. उतार कमी पडला की पावसाचं पाणी कौलाखाली शिरतं. वळचण धरून सुमारे अडीचशे मंगळूरी कौलं लागतात. त्यांचं वजन पाच-सहा क्विंटल होतं. म्हणून जुना वासा ठोकून बघा. खणखणीत वाजला तर घ्या. भद वाजला तर वाळवीनं आतून खाल्लेला असतो, तो चुलीला. आधी सगळे खिळे काढा.

दोन गोष्टी मोडीतून आणू नका. एक, सिमेंटचे जुने पत्रे. त्यात ॲस्बेस्टॉस असतो. कापताना, भोकं पाडताना उडणारी धूळ फुफ्फुसाला घातक. दुसरी, औषधांचे रिकामे डबे. कितीही धुतले तरी त्यांत धान्य ठेवायचं नाही.

इंग्लंडातले शेतकरी पूर्वी धान्याची लाकडी खोली अळंबीच्या आकाराच्या दगडांवर उभी करीत. उंदीर दगडाच्या छत्रीखाली अडकतो, वर चढत नाही. आपण दाराच्या खालच्या अंगाला पत्रा मारावा आणि झरोक्याला बारीक जाळी लावावी.

माल वाळवूनच आत घ्या. धान्यात ओल शेकडा १२ च्या आत हवी, भुईमुगाच्या शेंगेत ८ ते ९. ओल्या शेंगेवरच्या बुरशीचं विष माणसाला आणि जनावराला दोघांनाही बाधतं. पोती घडवंचीवर, भिंतीपासून दीड फूट सोडून लावा. सोयाबीनचं बियाणं असेल तर चार-पाच पोत्यांवर थप्पी नको. त्याचं साल नाजूक असतं.

शेवटी नदीकाठच्या गावांसाठी. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. अशा पाण्यापुढं अडीच फुटांचं जोतं काहीच नाही. आपलं परडं पुराच्या रेषेत येत असेल तर ही खोली सुगीपासून मेअखेरपर्यंत धान्याची, आणि पावसाळ्यात फक्त अवजारांची समजा. जून लागायच्या आत धान्य उंचावरच्या गोदामात हलवा. बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालते. योजनेतल्या पिकांसाठी गोदामातल्या मालावर किमतीच्या शेकडा ७५ पर्यंत कर्ज मिळतं. आपल्या बाजार समितीत चौकशी करावी.

परड्यातली कौलं आणि वासे विकण्याआधी एकदा मोजून बघा. पुढच्या सुगीला तुमचा माल ठेवायला तेच सामान उपयोगी पडेल.