शं. बा. दीक्षित आणि एक अंश

परवा गच्चीवर नातवाला कृत्तिका दाखवत होतो. "आजोबा, ह्या कायम याच बाजूने उगवतात का?" त्याने विचारले, आणि मला शंकर बाळकृष्ण दीक्षित आठवले.

दीक्षित दापोलीजवळच्या मुरुडचे, जन्म १८५३. पेशाने आमच्यासारखेच शिक्षक, पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. (बी.ए.ला माझा इतिहास होता, पण हे नाव काही कानावर पडले नाही. असो.) शतपथ ब्राह्मणात एक साधे विधान आहे, की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रे ढळतात. शेकडो पंडितांनी ते वाचले असेल. दीक्षितांनी ते कुणीतरी डोळ्यांनी पाहून केलेली नोंद म्हणून वाचले. आज तर कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. मग बरोबर पूर्वेला कधी उगवत होत्या?

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षे घेतो. त्यामुळे संपातबिंदू सरकतो आणि तारे उगवण्याच्या जागाही बदलत जातात. दीक्षितांनी गणित मांडून काळ काढला, इसवी सनापूर्वी सुमारे ३०००. यावर वाद झाले. नोंद जुनी म्हणून ग्रंथही तेवढाच जुना असे होत नाही, हा आक्षेप मलाही पटतो. गणित मात्र चोख आहे.

माझ्या डोक्यात दुसराच आकडा घोळतो आहे. संपातबिंदू १ अंश सरकायला साधारण ७२ वर्षे लागतात. १ अंश म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन पूर्णचंद्र. हात लांब करून करंगळी धरली की झाकले जातात! मी यंदा ७४ वर्षांचा. शाळा, नोकरी, संसार, मुलांची लग्ने, सगळे त्या करंगळीआड.

दीक्षितांना तेवढेही मिळाले नाही. १८९८ साली, पंचेचाळिशी पुरी व्हायच्या आत ते गेले. पण १८९६ साली 'भारतीय ज्योतिःशास्त्र' छापून झाले होते, वेदकाळापासूनचा सगळा इतिहास, आणि तोही मराठीत. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेले 'द इंडियन कॅलेंडर' लंडनला निघाले. त्यात आपल्या तिथींवरून इंग्रजी तारखा काढायची कोष्टके आहेत. शिकवण्याचे काम सांभाळून हे सारे केव्हा केले असेल?

आमच्या गावातल्या वीरगळांच्या नोंदींची माझी एक वही आहे. आता या वयात काय उपयोग, म्हणून कपाटात पडून होती. नातू झोपल्यावर बाहेर काढली. शेवटची नोंद २०११ सालची निघाली. पेनातली शाई वाळून गेली होती, म्हणून त्याच्या दप्तरातले बॉलपेन घेतले.